घाटकोपरच्या टेकडीवरची चार गाढवं: वांगणीला आसरा उभा करता येईल का?

टेकडीखालची

नमस्कार मंडळी. मी घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी राहते. वरच्या वस्तीत जायला बोळ आणि पायऱ्या. टेम्पो अर्ध्यावर थांबतो आणि तिथून पुढे विटा, रेती, सिमेंट गाढवांच्या पाठीवरून जातं. आता एका बाजूने वरपर्यंत काँक्रीटचा रस्ता झालाय, छोटे टेम्पो थेट जातात, त्यामुळे गाढवांचं काम जवळजवळ संपलंय.

चार गाढवं आहेत, मालक एकच. दिवसभर ती कचराकुंडीपाशी उभी असतात. एक म्हातारा नर आहे. त्याचे पुढचे खूर मोजडीसारखे वर वळलेत आणि तो लंगडतो. एक गाढवी गाभण आहे, पण कितवा महिना ते मालकालाही सांगता येत नाही. बाकीचे दोघे तरुण आहेत, दोन्ही नर. मालक म्हणतो, "ताई, घ्यायची तर घ्या, नाहीतर पौषात जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात नेतो."

वांगणीला माझ्या मामाची दोन एकर जागा आहे. अर्ध्या भागात भात होतो, उरलेली पडीक. मामा म्हणाला, वापर. मी आणि दोन मैत्रिणी तयार आहोत. ही चार नेऊन सुरुवात करायची आणि पुढे मुंबईतली आणखी आणायची, असा विचार आहे. पावसाच्या आत हलवायची इच्छा आहे. त्यासाठी ट्रस्ट लागतो का, कुणाची परवानगी लागते, खायला काय घालायचं आणि दोन एकरांत किती गाढवं राहतील? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

खिडकीतला

आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाच आहेत, तीही घेऊन जा. वाहतूक खर्च मी देतो.

खुरवाली

खिडकीतले, त्यांना खूर नसतात म्हणून मी घेत नाही. आता कामाचं बोलू.

टेकडीखालची, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. किती गाढवं राहतील? जून ते सप्टेंबर जितकी कोरड्यात उभी करता येतील तितकी. एकर मोजू नका, छपराखालची कोरडी जमीन मोजा.

माझं माहेर गिरगावातलं, सासर मुरबाडच्या पुढचं. आमच्याकडे सध्या चौदा गाढवं आहेत. मुलुंडला घर आहे, पण पावसाळ्यात मी तिथे फारशी दिसत नाही. गाढव हा मुळात वाळवंटातला प्राणी. घोड्याच्या केसांवरून पाणी निथळतं, गाढवाचा कोट ते शोषून घेतो. भिजलं की ते कुडकुडतं, पाठीवर खपल्या धरतात. खुराचंही तेच. ओल्यात उभं राहिलं की खूर पाणी पिऊन मऊ होतो, खालचा भाग सडतो आणि सडक्या खुराचा वास दारातूनच येतो. कोकणातल्या पावसात गाढव उघड्यावर किंवा चिखलात ठेवणं म्हणजे कचराकुंडीपेक्षा वाईट जागी नेणं. कचराकुंडीखाली निदान काँक्रीट असतं.

त्यामुळे पहिला खर्च जोत्याचा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच उचला, मुरूम ठोकून घ्या, बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. एका गाढवाला कमीत कमी पन्नास चौरस फूट धरतात, पण तो हिशोब बाहेर फिरायला मिळणाऱ्या गाढवांचा झाला. आपल्याकडे चार महिने ती आतच उभी असतात, म्हणून मी दुप्पट धरते. चार गाढवांना चारशे चौरस फूट. नैर्ऋत्येकडची बाजू बंद ठेवा आणि त्या बाजूची पागोळी लांब काढा, वारा तिथूनच पाणी आत मारतो. नुसता कोबा करू नका, गाढवं घसरतात. करायचाच असेल तर वर भाताचं तूस जाड पसरा. वांगणी-नेरळकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथे तूस मिळेल.

आणि वांगणी म्हणालात म्हणून विचारते, जागा उल्हास नदीपासून किती लांब आहे? २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी तुमच्या शेतात पाणी कुठवर आलं होतं ते मामांना विचारा. मामांना आठवत नसेल तर बांधावरच्या शेजाऱ्याला विचारा, त्याला आठवेल. जोतं त्या खुणेच्या वर हवं. तशी जागा नसेल तर तिथे गाढव नको, गोठाही नको.

पावसाला आता महिनाही राहिलेला नाही. जोतं तुम्ही आज सुरू केलं तरी ते बसायला वेळ लागतो. म्हणून या पावसाळ्यात वांगणीला एकही गाढव नेऊ नका. हे वाचून तुम्ही नाराज व्हाल, व्हा.

आता खाणं. आपल्या गावठी गाढवाचं वजन शंभर ते दीडशे किलोच्या आसपास असतं. त्याला दिवसाला वजनाच्या दीड टक्का सुका चारा पुरतो, म्हणजे साधारण दोन किलो. सांडलवंड धरून चार गाढवांना दहा किलो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हिशोब सव्वा टनाचा झाला आणि तो सगळा मेअखेर कोरडा भरून ठेवायचा. जुलैत चारा विकत घ्यायला गेलात तर ओला मिळेल आणि महाग मिळेल. गव्हाचं भुसकट, ज्वारीचा कडबा कुट्टी करून, सुकं गवत, एवढंच. भाताचा पेंढा खाली अंथरायला चांगला, थोडा खातातही, पण त्याच्यावर पोट भरायचं नाही. बुरशीचा वास आला की ती पेंडी सरळ बाहेर.

लोकांना वाटतं, बिचाऱ्यांनी आयुष्यभर कचरा खाल्ला, आता हिरवंगार खाऊ दे. लसूणघास, मका, गूळ, शिळे पाव, बिस्किटांचे पुडे, सगळं घेऊन येतात. गाढवाचं पोट काटेकुटे आणि वाळलेलं गवत पचवायला बनलेलं आहे. साखर जास्त झाली की खुराच्या आतल्या भागाला सूज येते आणि ते पाऊल टाकेनासं होतं. मानेवर चरबीचा उंचवटा आला की नंतर गाढव बारीक झालं तरी तो पूर्ण जात नाही, एका बाजूला लोंबत राहतो. आमचा हवालदार, म्हणजे आमच्याकडचा एक नर, असाच आला होता. कुठल्याशा फार्महाउसवर लहान मुलांच्या हौशीसाठी ठेवलेला, रोज ब्रेड खायचा. त्याच्या मानेवरून कुणालाही वाटावं, याच्या घरी काय कमी होतं!

फार्महाउसवरून आठवलं, मामांच्या कुंपणाला काय लावलंय? कण्हेर असेल तर काढून टाका. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही. एरंड आणि घाणेरीही नको. कण्हेरीच्या थोड्याशा पाल्यानेही जनावर मरतं, आणि छाटणी करून वाळत पडलेल्या फांद्या ओल्यापेक्षा सहज खाल्ल्या जातात.

खुरांचं. नालबंद आधी शोधा, मग गाढव आणा. दर सहा ते दहा आठवड्यांनी खूर कापावे लागतात आणि हे आयुष्यभर. गाढव नीट सांभाळलं तर तीस वर्षंही जगतं. तुमच्या तरुण नरांना आज चार-पाच वर्षं असतील तर ते तुम्हाला निवृत्त होताना बघतील. घोड्याचे खूर कापणारा प्रत्येक जण गाढवाचे नीट कापतो असं नाही, गाढवाचा खूर जास्त उभा असतो. त्याने घोड्यासारखा पसरट केला तर लंगडणं वाढतं. म्हाताऱ्याचे वळलेले खूर एका बैठकीत सरळ करायला जाऊ देऊ नका. इतकी वर्षं पायाची हाडं आणि स्नायुबंध त्या कोनात बसलेत, थोडं थोडं करत आणावं लागतं.

कागदपत्रं त्यामानाने सोपी. स्वतःची चार गाढवं पाळायला ट्रस्ट लागत नाही. लोकांकडून देणग्या घ्यायच्या असतील तर हवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, नंतर आयकर खात्याकडे करसवलतीच्या नोंदण्या, ट्रस्टसाठी आणि देणगीदारांसाठी. पशुकल्याण मंडळाची मान्यता नंतर बघा, आधी काम दिसू द्या. जमिनीचं मात्र आत्ताच करा. मामांच्या शब्दावर विसंबू नका. मामा चांगले असतील, मामेभाऊ कसे आहेत? वांगणी-नेरळ पट्ट्यात प्लॉट पाडून विकायची घाई सगळ्यांना आहे. नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या, लांब मुदतीचा. पुढे विकत घेऊ म्हणाल तर शेतकरी असल्याचा पुरावा नसताना महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आणि ट्रस्टलाही परवानगीशिवाय नाही.

पोलिसांनी पकडलेली गाढवं कुणी ठेवायला देतो म्हणालं तर विचार करून हो म्हणा. केस संपेपर्यंत ते जनावर कायद्याने तुमचं नसतं. ते मुद्देमाल असतं. तुम्ही फक्त ताबेदार. खाऊ घालायचं तुम्ही, आणि कधी परत द्यावं लागेल सांगता येत नाही.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. चाऱ्याचा आकडा बघून घाबरू नका, खरा खर्च माणसाचा. सकाळ-संध्याकाळ लीद काढणारा, तूस बदलणारा, रात्री तिथे झोपणारा एक माणूस पगारी हवा. तीन मैत्रिणी आळीपाळीने लोकलने जाऊ, हे पहिल्या गणपतीपर्यंत टिकतं.

टेकडीखालची

खुरवाली ताई, नाराज झाले खरी, पण मामाला फोन केला. २०१९ला पाणी बांधावरून आत आलं होतं, भात गेलं. पडीक भाग उंचावर आहे, तिथे आलं नव्हतं. कुंपणाला बिट्टी आहे! मामीने हौसेने लावलीय.

पण मग या चौघांचं पावसात काय करू? म्हाताऱ्याला तरी कुठेतरी हलवायला हवं ना? एका संस्थेला फोन केला होता. उद्या गाडी पाठवतो म्हणाले, नंतर उचलतच नाहीत.

खुरवाली

म्हाताऱ्याला मी घेऊ शकते, आमच्याकडे कोरडी जागा आहे. पण एकट्याला घेणार नाही. गाढवं जोडीने राहतात, आणि जोडी म्हणजे नर-मादीच असं नाही. दोन नर, दोन माद्या, मायलेकी, काहीही असतं. त्यातलं एक नेलं की दुसरं खाणं सोडतं. आमच्या मंगळा गाढवीची जोडीदारीण मेली तेव्हा आम्ही मंगळाला तिच्यापाशीच राहू दिलं. हुंगून झालं, ढकलून झालं, मग ती आपणहून बाजूला झाली, तेव्हाच खड्ड्याकडे नेलं. असं केलं तर मागे राहिलेलं जनावर दिवसचे दिवस ओरडत शोधत फिरत नाही.

तुम्ही एक काम करा. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा, कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, कोण कुणाची मान खाजवतं, एक हललं की मागे कोण जातं. मालकाला विचारू नका, तो कामाची जोडी सांगेल.

परळचा पशुवैद्य

ताईंच्या उत्तरात मला फारशी भर घालायची नाही. दोन-तीन गोष्टी मात्र डॉक्टर म्हणून सांगायलाच हव्यात.

कुठलंही गाढव दुसऱ्या गाढवांत मिसळण्याआधी ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर जनावरात उपचार करत नाहीत, आणि नमुना पॉझिटिव्ह आला तर २००९च्या कायद्यानुसार जनावर मारावं लागतं. पशुसंवर्धन खात्यामार्फत रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निकाल येईपर्यंत नवी गाढवं वेगळी, त्यांची बादली वेगळी, आणि नाकातून घट्ट स्राव येत असेल तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका. खुरवाली ताईंकडे चौदा आहेत, त्यामुळे त्यांनीही हा आग्रह धरावा.

धनुर्वाताची लस सगळ्यांना. घोडा आणि गाढव या रोगाला फार लवकर बळी पडतात, आणि पाठीवर गोणीने झालेल्या जखमा, सडलेले खूर म्हणजे त्याला उघडं दारच. जंताचं औषध लीद तपासून द्या, दर महिन्याला डोळे मिटून नको.

आता गाभण गाढवीबद्दल. गाढवीचे दिवस साधारण बारा महिने असतात, कधी त्याहून जास्त. कास भरायला लागली असेल तर तिला टेम्पोत घालून घाट-खड्ड्यांतून नेऊ नका. प्रवासासाठी तसाही पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि मी तरी तो देणार नाही. तिच्या बाबतीत मोठी भीती वेगळीच आहे. गाढव काही कारणाने खायचं थांबलं, मग ते जागाबदल असो, जोडीदार दुरावणं असो की दातदुखी, तर शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडायला लागतं. यकृताला ती झेपत नाही. रक्त काढून ठेवलं तर वरचं पाणी दुधाळ दिसतं. त्या टप्प्यावर वाचवणं अवघड असतं. गाभण आणि लठ्ठ गाढवींत हे जास्त होतं.

आणि गाढव दुखणं लपवतं. घोडा पोट दुखलं की लोळतो, लाथा मारतो. गाढव फक्त गप्प उभं राहतं. चाऱ्यात तोंड घालून खाल्ल्यासारखंही करतं, म्हणून गव्हाणीत किती उरलं ते मोजा. "आज जरा सुस्त आहे, उद्या बघू" हे वाक्य गाढवाच्या बाबतीत वापरू नका. त्याच दिवशी डॉक्टर. मुंबईत असेपर्यंत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८८३पासून मोठ्या जनावरांवर उपचार करतंय.

तरुण नर खच्ची करून घ्या, पण पाऊस गेल्यावर, माश्या कमी झाल्या की. रस्त्यावर कुणा हौशी माणसाकडून नाही. गाढवात रक्तस्राव जास्त होतो, रक्तवाहिन्या नीट बांधाव्या लागतात. आणि केल्यावरही काही आठवडे माद्यांपासून लांब ठेवा.

जेजुरीवाला

सगळं वाचलं. एक बाजू कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या गाढवं होती. आम्ही बेलदार. मी आता वाशीला नोकरी करतो, पण वडिलांबरोबर पौष पौर्णिमेला जेजुरीला जायचो. तिथे दात बघून भाव होतो, काठेवाडी, म्हणजे सौराष्ट्राकडचं, असेल तर जास्त.

"रेस्क्यू" म्हणताना मालक कसाई असल्यासारखं वाटतं. कायद्यात गाढवावर ५० किलोच्या वर घालायचं नाही, १९६५चा नियम आहे. सिमेंटची एक गोणी किती किलोची असते? ५०. म्हणजे एक गोणी टाकली की हद्द संपली. आणि टेकडीवर ठेकेदार पैसे कसे देतो? खेपेवर. मग मालक एका खेपेत दीड गोणी घालतो. ठेकेदाराला कुणी काही बोलत नाही, वहिवाटच तशी म्हणतात. फोटो मात्र मालकाचा व्हायरल होतो.

देशात २०१२च्या पशुगणनेत तीन लाखांवर गाढवं होती, २०१९ला सव्वा लाखाच्या आत आली. ती काही सगळी आश्रमात गेली नाहीत. काम गेलं, मागे चोरीचा, कातड्याचा धंदा लागला. आंध्रात मांसासाठी कापतात, कायद्यात बसत नाही तरी. चीनमध्ये कातड्यापासून औषधी सरस करतात, त्याच्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कापली गेली की २०२४ला आफ्रिकन युनियनने बंदी घातली. तर ताई, तुमचा मालक अजून जेजुरीच म्हणतोय, हे चांगलं समजा. रात्री टेम्पो घेऊन येणारे त्याला माहीत नसतील असं नाही.

माझं म्हणणं, गाढवांचे पैसे त्याच्या हातात रोख देऊ नका. तो वाईट आहे म्हणून नाही. त्याला दुसरं काम येत नाही, तर तो त्या पैशात जेजुरीहून दोन तरुण आणेल आणि विरार-नालासोपाऱ्याकडे साइट बघेल. कुणीही हेच करेल. द्यायचेच तर हातगाडीचे किंवा टेम्पोच्या पहिल्या हप्त्याचे द्या, बरोबर जाऊन. आणि या पावसाळ्यात गाढवं त्याच्याकडेच ठेवा. त्याला महिन्याला सांभाळायचे पैसे द्या, चारा तुम्ही द्या. त्याला गाढवं कळतात, तुम्हाला अजून कळत नाहीत. राग मानू नका.

खुरवाली

जेजुरीवाले, खेपेवर पैसे हे तुम्ही अगदी बरोबर बोललात. आमच्याकडच्या सगळ्या पाठी तिथेच फाटल्यात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. पैसे देऊन मालकाकडे ठेवणं मला आवडत नाही. मी असं पूर्वी पाहिलंय, चारा विकला जातो आणि गाढव पुन्हा कचऱ्यावर. पण इथे गाभण गाढवी हलणार नाही हे डॉक्टर सांगतायत, तेव्हा माझ्या आवडीला काही अर्थ नाही. मालकाच्या घराशेजारी कोरडी जागा आहे का ते आधी बघावं लागेल.

टेकडीखालची

बघून आले. सकाळी, दुपारी आणि रात्री. दोन तरुण नर एकत्र असतात, एकमेकांना चावतात, पण सुटत नाहीत. आणि म्हातारा कायम गाढवीजवळ! ती उठली की हा लंगडत मागे. मालकाची बायको म्हणाली, दोघं एकाच बाजारातून आणलेली, तेव्हापासून अशीच. म्हणजे ज्याला न्यायची घाई होती तो तिच्याबरोबर बांधलेला, आणि ती हलू शकत नाही.

कास थोडी भरलीय असं मालकाची बायको म्हणते. खरं म्हणजे गाढवांचं सगळं तीच करते, आपण उगाच मालकाशी बोलत बसलो. त्यांच्या घरामागे बंद पडलेल्या कारखान्याची शेड आहे, पत्रे शाबूत आहेत, खाली कोबा. मालक म्हणतो, शेडवाला ओळखीचा आहे, चार महिने देईल. जेजुरीवाले दादा, हातगाडीचं विचारलं. तो म्हणाला, टेम्पो चालवायला येत नाही, पण मोठ्या मुलाला लायसन्स काढायचंय.

जेजुरीवाला

लायसन्सचे पैसे द्या, गाढवांचे नको. आणि दर महिन्याचे पैसे बायकोच्या हातात.

परळचा पशुवैद्य

शेड चालेल. कोब्यावर तूस किमान सहा इंच, आणि गाढवी-म्हाताऱ्याला तरुण नरांपासून आडव्या बांबूंनी वेगळं करा. दिसू देत, पोचू देऊ नका. विल्यावर काही दिवसांतच गाढवी पुन्हा माजावर येते आणि ते दोघे तेव्हा ऐकणार नाहीत. म्हाताराही अजून नरच आहे हे लक्षात असू द्या. शिंगरू झाल्यावर आपण त्याच्याबद्दल बोलू. रक्ताचे नमुने आणि लसीसाठी मी पुढच्या आठवड्यात येऊ शकतो, चौघांना एकदमच करू. मालकाच्या बायकोला त्या वेळी घरी थांबायला सांगा. अनोळखी माणसाने धरलं तर गाढव जागचं हलत नाही, आणि हललं तर लाथ घालतं.

खिडकीतला

वाहतूक खर्च देतो म्हणालो होतो, ती गंमत होती. पण गोवंडीच्या एका मिलमधून भुसकट आणायला माझा टेम्पो जातो, दर पंधरा दिवसांनी. घाटकोपरला टाकून जाईन. भाडं नको.

खुरवाली

मग कमिटीतले पाच माफ.

टेकडीखालची, भुसकट आलं की जमिनीवर टाकू नका. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. तरुण दोघांना दिवाळीनंतर वांगणीला नेऊ, तोवर जोतं बसलेलं असेल आणि बिट्टी मुळासकट गेलेली असेल. मामीला सांगा, जास्वंद लावा, ती खाल्ली तरी चालते. म्हातारा, गाढवी आणि शिंगरू यांचं दिवाळीला ठरवू, माझ्याकडे की तुमच्याकडे.

देणग्या गोळा करायच्या झाल्या तर माहीमच्या शीतलादेवीच्या देवळाबाहेर उभ्या राहा. देवीचं वाहनच गाढव आहे, तिथे तुम्हाला कुणी हसणार नाही.

आमचा नालबंद शनिवारी कल्याणला येतो, त्याला तिथून घाटकोपरला पाठवते. त्याला वरचा रस्ता माहीत नाही, कुणीतरी पायथ्याशी थांबा. त्याआधी मला म्हाताऱ्याच्या चारही खुरांचे फोटो पाठवा, समोरून आणि बाजूने, मोबाइल जमिनीला टेकवून. वरून काढलेल्या फोटोत खुराचा कोन कळत नाही. खूर आधी धुऊन घ्या. नुसतं पाणी, शाम्पू नको.